चिकित्सालयातील कॅमेरा आणि रुग्णाची लज्जा

ठाणे स्थानकाचा परिसर असो वा डोंबिवलीचा फडके रस्ता, आपल्या व्यवसायबंधूंचे चिकित्सालय पुष्कळदा एकाच गाळ्यात सामावलेले असते. पडद्याच्या अलीकडे बाकडे, पलीकडे तपासणीचा पलंग. तेथे चोरीच्या भयाने बसविलेला कॅमेरा नकळत पडद्यापलीकडेही पाहू लागतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयात झालेल्या स्त्रीरुग्णांच्या तपासणीच्या चित्रफिती विकल्या जात असल्याचे उघडकीस आले. कॅमेऱ्यांच्या यंत्रणेत दुरूनच शिरकाव झाला होता. अटक झालेल्यांत लातूर व सांगली येथील व्यक्तीही होत्या. चोरट्यांच्या कौशल्यापेक्षा आम्हांस निराळाच प्रश्न अधिक टोचतो: तपासणीच्या खोलीत कॅमेरा होताच कशासाठी? स्नेहन, स्वेदन, बस्ती यांच्या खोल्यांनाही हेच लागू आहे. तेथे कॅमेरा नकोच. संमतीविना खासगी अवयवांचे चित्रण करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. रुग्णाच्या घरातील वृत्तांत बाहेर नेऊ नये, हे तर चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्यालाच बजावले आहे.

दार, गल्ला व औषधांची कपाटे यांवर नजर ठेवण्यास आमची हरकत नाही. (बालकांच्या हाती नशेची औषधे पडू नयेत म्हणून राज्यातील काही जिल्हा प्रशासनांनी औषधविक्रेत्यांना कॅमेरे बसविण्यास सांगितलेच आहे.) मात्र ज्यात व्यक्ती ओळखू येते असे चित्रण ही त्या व्यक्तीची माहिती होय, आणि ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधनांसाठी त्यांत अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत आहे. सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान चिकित्सालयास एवढा दंड होईल असे नव्हे, पण चित्रण फुटल्यास संबंधित रुग्णांस व डेटा संरक्षण मंडळास कळविणे त्यासही चुकणार नाही.

तेव्हा कॅमेरा असल्याचा मराठी फलक दारातच लावावा. बसविणाऱ्याने ठेवलेला मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. तो त्याच्यापाशी राहू देऊ नये. ध्वनिमुद्रण बंद ठेवावे, कारण गल्ल्यापाशी रुग्ण आपली व्यथाही बोलून जातो. पोलिसांनी चित्रण मागितल्यास लेखी मागणी घ्यावी, देताना पोच घ्यावी. चोर सापडावा म्हणून त्याचे चित्रण व्हॉट्सॲपवर फिरविण्याचा मोह टाळावा; त्यात मागे बसलेले रुग्णही दिसतात. यंत्र दुरुस्तीस अथवा भंगारात देण्यापूर्वी त्यातील हार्ड डिस्क काढून घ्यावी.