चाळिशीपासून कृत्रिम दृष्टिपटलापर्यंत

गोंदिया शहराला लागून असलेल्या आपल्या कुडव्यातील कोणत्याही घराच्या ओसरीवर संध्याकाळी एक प्रसंग सहज पाहावयास मिळतो. घरातील बाई सुई व दोरा हाती घेऊन उजेडाकडे तोंड करते, दोरा ओठांत ओला करते, दोनचारदा प्रयत्न करते आणि अखेर मुलाला हाक मारते, "बाबू, एवढा दोरा ओवून दे." मुलगा क्षणात दोरा ओवतो आणि पुन्हा हातातील मोबाइलने गाईच्या वासराचे छायाचित्र काढू लागतो. एकाच ओसरीवर दोन भिंगे आहेत. एक त्या मोबाइलमध्ये आहे, वाटाण्याहूनही लहान. दुसरे त्या बाईच्या डोळ्यात आहे. पहिल्या भिंगाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत विस्मयकारक प्रगती केली. दुसऱ्याला तिचा लाभ किती झाला, याचा विचार या लेखात आपणांस करावयाचा आहे.

प्रथम भिंगाचे कार्य समजून घेऊ. प्रकाश हवेतून काचेत शिरला की त्याचा वेग मंदावतो आणि तिरप्या किरणाची दिशा वळते. यालाच वक्रीभवन म्हणतात. काचेला योग्य गोलाई दिली म्हणजे एका बिंदूपासून निघून पसरलेले किरण पुन्हा एका बिंदूत एकत्र येतात. वस्तूच्या प्रत्येक बिंदूचे असे झाले की तिची प्रतिमा तयार होते. काळोख्या खोलीच्या भिंतीतील बारीक छिद्रातूनही प्रतिमा पडते. परंतु ती अंधूक असते, कारण छिद्रातून प्रकाश थोडाच येतो. पुष्कळ प्रकाश गोळा करावा आणि तरीही प्रतिमा रेखीव राखावी, हेच भिंगाचे काम.

१८३९ साली दागेर या फ्रेंच कलावंताची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली तेव्हा माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील पेट्झवाल या गणितज्ञाने आकडेमोड करून एक नवे भिंग आखले. ते आधीच्या भिंगांच्या अनेक पट प्रकाश घेई. पण साध्या एकेरी भिंगात दोष असतात. निळा व तांबडा प्रकाश एकाच ठिकाणी जुळत नाही आणि कडेची प्रतिमा विस्कटते. म्हणून निरनिराळ्या काचांची चार-सहा भिंगे एकापुढे एक बसवावी लागतात. त्यातून दुसरीच अडचण उभी राहिली. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेकडा सुमारे ४ भाग प्रकाश परत फिरतो. सहा सुटी भिंगे म्हणजे बारा पृष्ठभाग. तेव्हा एकंदर प्रकाशाचे जवळजवळ दोनपंचमांश नुकसान! १९३५ साली जर्मनीतील स्माकुला याने काचेवर अत्यंत पातळ लेप देऊन यावर उपाय काढला. लेपाची जाडी अशी राखावयाची की त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींनी एकमेकींना मारून टाकावे. आजच्या चष्म्याच्या काचेवर जी हिरवट-जांभळी झाक दिसते ती अशाच लेपांची.

महाराष्ट्रात भिंगाच्या ध्यासाचे मोठे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. चित्रपटाच्या नादाने त्यांनी डोळ्यांवर इतका ताण दिला की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांच्या साहाय्याने ती परत आली. नंतर १९१२ साली लंडनहून त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला आणि कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे वाढणे थोडेथोडे टिपून पडद्यावर दाखवले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत झळकला. त्यांचा कॅमेरा सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो हाती घेण्यापूर्वी चष्म्याची भिंगे त्यांच्या उपयोगी पडली होती, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

आता डोळ्याकडे वळू. डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पटलात किरण सर्वाधिक वळतात आणि आतील भिंग उरलेली जुळवाजुळव करते. कॅमेऱ्यातले भिंग पुढेमागे सरकते. डोळ्यातले भिंग आपला आकार बदलते. जवळचे पाहताना ते फुगीर होते. वय वाढते तसे हे भिंग कठीण होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास पुरेसे फुगेनासे होते. आपल्या भाषेने तर जवळच्या चष्म्याला 'चाळिशी' हेच नाव देऊन टाकले आहे! हा रोग नव्हे. केस पिकण्यासारखा वयाचा धर्म आहे. परंतु आपल्या भागात त्याची किंमत मोठी आहे. तांदळातले खडे निवडणे, तेंदूच्या पानाची विडी वळून तिला दोरा बांधणे, औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षर वाचणे, ही सारी हाताच्या अंतरावरची कामे. 'वयच झाले' असे म्हणून बाई काम सोडते वा मजुरी घटली तरी गप्प बसते.

याविषयी एक मोजलेला पुरावा आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे साधे चष्मे देऊन पाहण्यात आले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. मळा तोच, हात तेच. भर पडली ती दोन स्वस्त भिंगांची.

पुढे हेच भिंग गढूळ होते, त्यास आपण मोतीबिंदू म्हणतो. पूर्वी ते काढून टाकीत आणि बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा देत. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या पारदर्शक छताचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. ते प्लॅस्टिक डोळ्याने निमूट सोसले, हे लंडनचे डॉक्टर हॅरल्ड रिडले यांनी हेरले आणि १९४९ च्या नोव्हेंबरात त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवले. बरोबरीच्या अनेक डॉक्टरांनी दीर्घकाळ विरोध केला. आज ती जगभर रूढ शस्त्रक्रिया आहे. १९९२ साली मदुराई येथे अशी भिंगे आपल्या देशात स्वस्तात बनू लागली, तेव्हा ती गरिबाच्या डोळ्यापर्यंत पोहोचण्याची वाट रुंदावली.

याही पुढचे पाऊल आता पडत आहे. केसाहून पातळ पत्र्यावर सूक्ष्म खांब उभारून प्रकाश वळवणारी सपाट भिंगे प्रयोगशाळांत तयार झाली आहेत. दृष्टिपटलाचा मध्यभाग वार्धक्याने झिजलेल्या काही रुग्णांच्या डोळ्यांत दोन मिलिमीटरची, ३७८ बिंदूंची चकती बसवण्यात आली. चष्म्यातील कॅमेरा दृश्य टिपतो, अदृश्य अवरक्त किरणांनी चकतीवर पाठवतो आणि चकती विजेच्या संकेतांनी मज्जातंतूंना जागे करते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यांपैकी बऱ्याच जणांना अक्षरे पुन्हा वाचता आली.

परंतु उत्साहाच्या भरात एक इशारा विसरू नये. याआधीचे साठ विद्युदग्रांचे एक यंत्र अमेरिकेत २०१३ साली मान्य झाले होते. काही वर्षांतच ते बनवणाऱ्यांनी उत्पादन थांबवले आणि यंत्र डोळ्यात बाळगणाऱ्यांना दुरुस्तीसाठी दार उरले नाही. शोध लागणे आणि तो माणसाजवळ टिकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की प्रकाशशास्त्राची प्रगती केवळ सर्वांत नव्या यंत्रावरून मोजू नये. सर्वांत जुने भिंग शेवटच्या घरी पोहोचले की नाही, हेही पाहावे. आज घरी गेल्यावर चाळिशी ओलांडलेल्या आपल्या आईला वा काकूला सुईत दोरा ओवावयास सांगावे. तो ओवला गेला नाही तर तिची थट्टा करू नये, वय झाले म्हणून सोडूनही देऊ नये. रोवणीची घाई सुरू होण्यापूर्वी तिचे डोळे तपासून आणावेत.