सेकंदाला सहाशे तीस

1949 च्या जानेवारीपासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर ऐन मध्यरात्री लगबग सुरू व्हायची. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं यायची, आपसांत थैल्या बदलायची आणि माघारी फिरायची. सुरुवातीची ही विमानं डाकोटा. दुसऱ्या महायुद्धात सैनिक आणि रसद वाहण्यासाठी हजारोंनी बांधलेली, युद्ध संपल्यावर मुलकी कामाला लागलेली.

त्या घरघरीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. डाकोटाला दोन इंजिनं. प्रत्येकात सात-सातच्या दोन कड्यांत बसवलेले 14 सिलिंडर, ताकद 1200 अश्वशक्ती. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. धावपट्टी सोडताना इंजिन मिनिटाला 2700 फेरे घेतं. म्हणजे एका इंजिनात सेकंदाला 315 स्फोट, दोन्हींत मिळून 630. वर गेल्यावर फेरे 2050 च्या आसपास आणले, तरी मुंबई ते नागपूर या अडीचेक तासांत स्फोटांची संख्या 43 लाखांवर जाते. जाऊन-येऊन 86 लाख. कुणाच्या तरी प्रेमपत्रासाठी म्हणावं, तर थैलीत बहुधा थकलेल्या बिलांची स्मरणपत्रंच जास्त असणार.

पण हे स्फोट सुटे ऐकू येत नाहीत. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत ढोल वाजवणाऱ्याचा हात कितीही चालला, सेकंदाला आठ-दहा ठोके पडले, तरी प्रत्येक ठोका वेगळा कळतो. वीसच्या पुढे मात्र कान मोजणं सोडून देतो आणि त्याला सूर ऐकू येऊ लागतो. डाकोटात असे दोन सूर एकात एक मिसळलेले असतात. एक स्फोटांचा. दुसरा, त्याहून खर्जातला, पंख्याचा: इंजिनाच्या 16 फेऱ्यांमागे पंख्याचे 9 फेरे, पाती तीन, म्हणून उड्डाणाच्या वेळी हवेला सेकंदाला 76 तडाखे.

खरी गंमत दोन इंजिनं जुळत नाहीत तेव्हा. एक 2050 वर, दुसरं 2030 वर असेल, तर पंख्यांचे सूर एकमेकांना गाठतात, मागे पडतात, पुन्हा गाठतात, आणि दर पावणेदोन सेकंदांनी आवाज फुगून ओसरतो. रात्रभर हे ऐकणं म्हणजे छळ. म्हणून वैमानिक लिव्हर केसभर सरकवत, कानानंच दोन्ही इंजिनं जुळवायचा. तंबोरा लावण्याचीच ही जात.

हार्वर्डची तऱ्हा निराळी. भारतीय हवाई दलातले कितीतरी वैमानिक या विमानावर शिकले. इंजिन एकच, सिलिंडर नऊ, 600 अश्वशक्ती. डाकोटाच्या निम्मीच ताकद. तरीही जवळून जाताना कानठळ्या बसतात, कारण तिथे पंखा थेट इंजिनाला जोडलेला. सेकंदाला साडेसदतीस फेरे आणि पावणेतीन मीटरचा व्यास. म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला सुमारे 323 मीटर धावतं. आवाजाचा वेग साधारण 340. विमानाचा स्वतःचा वेग मिळवला की टोक त्या उंबरठ्यापाशी पोचतं आणि हवा किंचाळू लागते. लोक मात्र इंजिनाला नावं ठेवतात.

डाकोटा आजही ऐकता येतं. 1944 साली बांधलेलं एक विमान डागडुजी होऊन 2018 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडहून टप्प्याटप्प्यानं स्वतः उडत जामनगरला उतरलं आणि हवाई दलात ‘परशुराम’ नावानं दाखल झालं. शेपटीवर क्रमांक व्हीपी 905, म्हणजे 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डाकोटाचा.