वीज घराची, सिलिंडर कंपनीचा: सीमेपलीकडच्या बिऱ्हाडाचे गैरसमज

उदगीरहून भालकीला, निलंग्याहून बसवकल्याणला, अक्कलकोटहून आळंदला बिऱ्हाड हलवणारा माणूस सामान बांधायच्या आधी सल्ले बांधून घेतो. दुसरं राज्य, तेव्हा सगळं नव्यानं करावं लागणार, असं एक जण सांगतो. तिकडे वीज फुकट आहे, काही चिंता करू नको, असं दुसरा सांगतो. तिसऱ्याच्या मते कन्नड येत नसेल तर ऑफिसची पायरीही चढू नये. गंमत म्हणजे 1956 पर्यंत उदगीर आणि निलंगा बीदर जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेनंतर रेषा पडली, आणि तिच्यासोबत ऐकीव माहितीचं पीकही आलं.

सीमा ओलांडल्यावर कोणती गोष्ट बदलते आणि कोणती नाही, याचं उत्तर सोपं आहे. ती गोष्ट घराची आहे, राज्याची आहे की देशभर एकसारखी आहे, एवढंच विचारायचं. विजेची जोडणी घराची असते. तिच्यावरची सवलत राज्याची. गॅस आणि मोबाइल देशभर एकाच नियमानं चालतात.

पहिला गैरसमज विजेचाच. भाड्यानं घर घेतलं की मीटर आपल्या नावावर करावाच लागतो, असं बरेच जण धरून चालतात. तसं काही नाही. कर्नाटकात प्रत्येक जोडणीला आर. आर. नंबर असतो. भाडेकरू येतात-जातात, नंबर घराला चिकटून राहतो. बीदर, कलबुर्गीकडे वीज देणारी कंपनी जेस्कॉम. तिचं मुख्यालय कलबुर्गीत आहे आणि तक्रारीचा नंबर महाराष्ट्रासारखाच 1912. बिल मालकाच्या नावानं येतं आणि भाडेकरू भरतो, यात बेकायदा काहीच नाही. मीटरच नसलेलं घर असेल तर गोष्ट वेगळी. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 43 घरमालकाबरोबर घरात राहणाऱ्यालाही जोडणी मागण्याचा हक्क देतं. 2024 च्या सुधारित नियमांप्रमाणे अर्ज पूर्ण असेल तर महानगरात 3, इतर नगरपालिका हद्दीत 7 आणि खेड्यात 15 दिवसांत जोडणी मिळायला हवी.

परदेशी गेलेल्या नातेवाइकांचे अनुभव इथे लावू नयेत. जर्मनीत भाड्याच्या घरात पहिला दिवा लावला की त्या भागातल्या मूळ पुरवठादाराचा ग्राहक तुम्ही आपोआप ठरता, पुढे आपल्या नावानं दुसरी कंपनीही निवडू शकता. तिथे करार माणसाशी असतो. बीदर-कलबुर्गीकडे कंपनी निवडायची सोय घरगुती ग्राहकाला नाही, आणि खातं घराचं. तिकडची एक सवय मात्र उचलावी: किल्ली हातात आली त्याच दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला पाठवून ठेवायचा.

या फोटोचं महत्त्व थकबाकीत कळतं. ‘आधीच्या भाडेकरूनं बुडवलं, त्याच्याशी आपला काय संबंध?’ असं म्हणून हात वर करता येत नाहीत. बिल थकलं तर कलम 56 खाली 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो. तोडतात तो घराचा, आणि अंधारात बसता तुम्ही. 19 मे 2023 रोजी के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नियमांत तरतूद असेल तर नवी जोडणी देताना त्या जागेची जुनी थकबाकी भरण्याची अट कंपनी घालू शकते. ते प्रकरण लिलावात मालमत्ता घेणाऱ्यांचं होतं. भाडेकरूनं त्यातून घ्यायचं ते इतकंच, की ॲडव्हान्स देण्याआधी मागचं बिल आणि पावती मागावी. बिल कन्नडमध्ये छापलेलं असलं तरी आकडे इंग्रजी अंकांत असतात, थकीत रक्कम वाचायला अडचण येत नाही.

आता त्या ‘फुकट’ विजेकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे.

कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना जुलै 2023 च्या वापरापासून सुरू झाली. ‘200 युनिट फुकट’ हे वाक्य सीमेअलीकडे सगळ्यांना पाठ झालं, त्यामागची अट मात्र वाटेतच गळाली. 200 ही वरची मर्यादा आहे, प्रत्येकाचा वाटा नव्हे. त्या जोडणीवर 2022-23 मध्ये महिन्याला सरासरी किती वीज वापरली गेली ते बघतात आणि त्यावर 10 टक्के वाढवून देतात. फार कमी वापर असलेल्यांना जानेवारी 2024 च्या निर्णयानं टक्क्यांऐवजी 10 युनिट वाढवून मिळतात. समजा सरासरी 80 निघाली, तर 88 युनिट फुकट. 120 वापरले तर वरच्या 32 चे पैसे भरायचे. आणि 200 ओलांडले तर त्या महिन्याचं सगळं बिल तुमच्या गळ्यात. 2025-26 च्या 5 रुपये 80 पैसे दरानं 201 युनिटची वीजच 1,166 रुपयांच्या घरात जाते. त्यावर मंजूर भाराच्या प्रत्येक किलोवॅटमागे 145 रुपये स्थिर आकार, शिवाय कर.

म्हणजे आपल्याला किती फुकट मिळणार हे आपल्या काटकसरीपेक्षा त्या घराच्या इतिहासावर ठरतं. आधीचं कुटुंब मोठं असेल तर तुमचं नशीब. एकटा मास्तर राहून गेला असेल तर आकडा छोटाच. पुरेसा इतिहास नसलेल्या नव्या घराला राज्याची सरासरी, म्हणजे 53 युनिट, धरून हिशोब होतो.

भाडेकरूला सवलत मिळत नाही, हा याला जोडून येणारा समज. मिळते. कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर आधार, मोबाइल नंबर आणि बिलावरचा अकाउंट आयडी देऊन भाडेकरू म्हणून नोंद करता येते. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, म्हणून गावाकडचं जुनं सिमकार्ड बंद करायच्या आधी हे उरकावं. अडचण दुसरीकडे येते. आधीच्या भाडेकरूचं आधार त्या खात्याला जोडलेलं असेल तर ते आधी सोडवावं लागतं. ती सोय 2024 मध्ये झाली, पण घर सोडताना कोणाच्या लक्षात राहतं? घर बघतानाच मालकाला विचारा: आर. आर. नंबर वेगळा आहे ना, आणि त्यावर आता कोणाचं आधार आहे? वेगळा नंबर नसून मालकानं आतून सबमीटर बसवला असेल, तर योजनेच्या दृष्टीनं तुम्ही ग्राहकच नाही.

इथल्या घरांत आणखी एक खाचखळगा असतो, तो पाण्याच्या मोटारीचा. नळाचं पाणी जमिनीखालच्या संपात पडतं आणि मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढतं. तीन बिऱ्हाडांची एकच मोटार असेल तर ती कोणाच्या तरी एकाच मीटरवर असते. एक हॉर्सपॉवरची मोटार रोज तासभर चालली तर महिन्याला 22 युनिटच्या आसपास खाते. दोन हजार वॉटचा गिझर रोज तासभर म्हणजे 60 युनिट. कलबुर्गीच्या मे महिन्यात त्यात कूलर धरा, की 200 ची रेषा कधी ओलांडली ते बिल हातात आल्यावरच कळतं.

महाराष्ट्रातून येणाऱ्याच्या डोक्यात स्लॅबही पक्का बसलेला असतो: पहिल्या शंभर युनिटला स्वस्त, पुढे महाग. कर्नाटकात 1 एप्रिल 2024 पासून घरगुती विजेचे स्लॅब गेले, सरसकट एकच दर आला. सवलत नसेल तर पहिलं युनिट आणि दोनशेवं युनिट एकाच भावाचं.

गॅसचा गैरसमज नेमका उलटा. इथे लोक राज्य बदलल्याचा बाऊ करतात आणि खरा नियम विसरतात. सिलिंडर सामानाबरोबर टेम्पोत घालून आणायचा नसतो. तो कंपनीचा असतो, आपण फक्त अनामत भरलेली असते. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीला परत करायचे, अनामत घ्यायची आणि टर्मिनेशन व्हाउचर मागून घ्यायचं. तो कागद दाखवून नव्या गावच्या एजन्सीत जोडणी मिळते. जुना ग्राहक असल्याचा तोच पुरावा. तो हरवून पूर्ण नवं कनेक्शन काढायची वेळ आली, तर जून 2022 पासून 14.2 किलोच्या सिलिंडरची अनामत 2,200 आणि रेग्युलेटरची 250 रुपये आहे. शेगडी एजन्सीकडूनच घ्यायची सक्ती नसते. आयएसआय शिक्क्याची तुमची शेगडी चालते.

आई-वडील गावीच राहणार असतील तर त्यांचं कनेक्शन हलवू नये. कलबुर्गीत खोली करून राहणाऱ्या मुलाला 5 किलोचा छोटा सिलिंडर पुरतो: इंडियन ऑइलचा ‘छोटू’, हिंदुस्तान पेट्रोलियमचा ‘अप्पू’. त्याला ओळखपत्र लागतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. भाव बाजाराचा असतो, तेवढं सोसावं लागतं. गळतीसाठी 1906 हा नंबर दोन्ही राज्यांत तोच.

मोबाइलबद्दल फार लिहायला नको. 2015 च्या जुलैपासून नंबर न बदलता देशात कुठेही कंपनी बदलता येते, त्यामुळे महाराष्ट्राचा नंबर ठेवायला हरकत नाही. रेशनचं मात्र अर्धंच ज्ञान फिरतं. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मध्ये दोन्ही राज्यं जानेवारी 2020 पासून आहेत, त्यामुळे अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीतलं महाराष्ट्राचं कार्ड भालकीच्या दुकानातही अंगठ्यावर चालतं. केंद्राचं माणशी 5 किलो धान्य मिळतं. कर्नाटक स्वतःच्या पैशातून अन्नभाग्य योजनेत वरचं जे देतं, ते इथल्या कार्डधारकांना. दुकानदाराशी वाद घालून उपयोग नाही.

पाण्याविषयी सरसकट बोलूच नये. ‘बीदरला पाणी नाही’ असं म्हणणाऱ्यांना बहमनी काळात, पंधराव्या शतकात, जांभ्या खडकातून खोदलेली नौबादची कारेझ, म्हणजे पाण्याची भुयारी वाट, दाखवून आणावी. पण भुयारानं आजच्या नळाला पाणी येत नाही, हेही खरं. बीदर शहराची भिस्त कारंजा जलाशयावर, कलबुर्गीची भीमा नदी आणि बेण्णेतोरा धरणावर. कलबुर्गीत चोवीस तास पाणी येतं, हेही अर्धसत्य. 2004 मध्ये मंजूर झालेल्या जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गीच्या निवडक वॉर्डांत तो प्रयोग झाला, त्याचा बोलबाला अख्ख्या शहराच्या नावानं झाला. दोन गल्ल्यांतही फरक असू शकतो. म्हणून ‘पाणी येतं का?’ असं न विचारता नळ किती दिवसांआड येतो, किती वाजता येतो आणि संपात किती लिटर मावतं, हे विचारा. मालकापेक्षा शेजारीण खरं सांगते.

राहिली भाषा. बीदर, भालकी, औरादच्या काउंटरवर कन्नड, दखनी आणि मराठी अशी सरमिसळ रोज चालते, तोंडी काम अडत नाही. फॉर्म कन्नडमध्ये असतात, ते भरायला कोणाची तरी मदत घ्यावी लागते, त्यात कमीपणा कसला? तक्रारीचं मात्र वेगळं आहे. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारं निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. मराठी अर्ज ‘इकडे चालत नाही’ म्हणून परत केला, तर या कलमाचा उल्लेख करून तोच अर्ज आवक-जावक विभागात द्यावा. उत्तर बहुधा कन्नडमध्ये येईल. ते वाचून घ्यायची तयारी ठेवावी, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.