जठरातील लिंफोमा आणि त्याचे अंतर्दर्शन

जठरात उद्भवणाऱ्या दुर्धर अर्बुदांपैकी बहुसंख्य अर्बुदे श्लेष्मल त्वचेतील ग्रंथींच्या पेशींपासून होणारे कर्करोग असतात. लसीकापेशींपासून होणारा लिंफोमा त्यांच्या मानाने विरळा होय. तथापि या दोहोंतील भेद वेळीच ओळखला गेला की नाही, यावर रोग्याचे जठर शाबूत राहणार की कापून काढावे लागणार, हे पुष्कळदा अवलंबून असते.

निरोगी जठरात लसीकापेशींचे संघटित ऊतक मुळी नसतेच. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग दीर्घकाळ टिकला म्हणजे ते तेथे निर्माण होते, आणि त्यातूनच कधी काळी अर्बुद उद्भवते. अशा मंदगती अर्बुदांचे स्वरूप आयझॅक्सन व राइट यांनी १९८३ मध्ये वर्णन केले. ती ‘माल्ट लिंफोमा’ या नावाने ओळखली जातात. पुढे १९९३ मध्ये वदरस्पून व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, जंतूचा नायनाट केल्यावर सहापैकी पाच रोग्यांत अर्बुद ओसरले. प्रतिजैविकांच्या अल्पकालीन उपचाराने अर्बुद मावळावे, ही गोष्ट विलक्षणच म्हटली पाहिजे. तेव्हापासून जठर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मागे पडत गेली, आणि अचूक निदानाचे मोल वाढले.

जठराच्या आत डोकावण्याची खटपट जुनी आहे. कुसमाउल या जर्मन वैद्याने १८६८ मध्ये तलवार गिळणाऱ्या एका खेळ्याच्या घशातून सरळ नळी आत घातली होती! काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्याविषयीचा हॉपकिन्स आणि मूळचे पंजाबातील नरिंदरसिंग कपानी यांचा निबंध १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर हर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये वाकणारी दुर्बीण प्रचारात आणली. परंतु पांढऱ्या प्रकाशात लिंफोमा फसवा दिसतो. कोठे थोडी लाली, कोठे फिकट डाग, कोठे उथळ व्रण, तर कोठे जाड झालेल्या घड्या, एवढेच दृष्टीस पडते. साधा जठरदाहही असाच दिसतो, आणि आरंभीचा कर्करोगही.

येथे अरुंद पट्ट्याच्या प्रकाशाचे साहाय्य होते. या पद्धतीत पांढऱ्या प्रकाशाऐवजी सुमारे ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा आणि ५४० नॅनोमीटरचा हिरवा, असे दोनच पट्टे वापरतात. रक्तातील हिमोग्लोबिन नेमके हेच पट्टे अधिक शोषून घेते; म्हणून रक्तवाहिन्या भोवतालच्या त्वचेवर गडद उठून दिसतात. निळा प्रकाश फार खोल जात नसल्यामुळे पृष्ठभागालगतच्या केशवाहिन्या तपकिरी, तर खोलवरच्या वाहिन्या निळसर-हिरव्या भासतात. यास विशालनाची जोड दिली असता प्रत्येक ग्रंथीचे मुखही निरखता येते.

निरोगी जठराच्या मध्यभागात गोल ग्रंथिमुखे आणि त्यांच्याभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखे केशवाहिन्यांचे जाळे आढळते. लिंफोमात लसीकापेशी ग्रंथींमधील जागेत दाटी करतात, ग्रंथींना दूर सारतात व अखेर त्यांचा नाश करतात. त्यामुळे ग्रंथिमुखे नाहीशी होऊन पृष्ठभाग गुळगुळीत व चकचकीत होतो, आणि त्यावर बुंध्यापासून फांद्या फुटाव्यात तशा विस्कळीत वाहिन्या पसरलेल्या दिसतात. जपानी संशोधकांनी या चित्रास ‘वृक्षसदृश रूप’ म्हटले आहे. उपमा समर्पक आहे. मात्र प्रत्येक रोग्यात असे झाड दिसेलच असे नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अपक्व पेशींच्या कर्करोगातही ग्रंथिमुखे लोपतात. परंतु त्यातील वाहिन्या बहुधा बुचाच्या मळसूत्राप्रमाणे पिळवटलेल्या व तुटक असतात.

पृष्ठभागाखाली काय चालले आहे, ते सांगण्यास ही पद्धती असमर्थ आहे. ते काम दुर्बिणीच्या टोकाशी बसविलेल्या श्राव्यातीत ध्वनियंत्राचे. त्याने जठराची भिंत पाच थरांत दिसते. अर्बुद श्लेष्मल व अधःश्लेष्मल थरांपुरतेच मर्यादित आहे, की स्नायुस्तर ओलांडून शेजारच्या लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचले आहे, हे त्यावरून कळते. वरच्या थरांतील अर्बुदे जंतुनाशक उपचारास अधिक प्रतिसाद देतात.

एवढे सारे पाहूनही निदानाचा शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचाच. हा रोग जठरात एकाच वेळी अनेक ठिकाणी असू शकतो. म्हणून संशयित जागेतून आणि निरोगी दिसणाऱ्या भागांतूनही अनेक तुकडे घ्यावे लागतात. प्रगत प्रतिमांचा खरा उपयोग चिमटा कोठे लावावा हे ठरविण्यात आहे. लसीकापेशी ग्रंथींच्या अस्तरात घुसून त्यांची मोडतोड करीत आहेत, असे तुकड्यात आढळले तर माल्ट लिंफोमाचा संशय बळावतो. मोठ्या पेशींचे थर आढळल्यास रोग आक्रमक जातीचा ठरतो व उपचाराची दिशाच बदलते. अकराव्या व अठराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असल्यास केवळ जंतुनाशनाने अर्बुद ओसरण्याची आशा बरीच कमी असते.

उपचारानंतरही दुर्बिणीचे काम संपत नाही. पुन्हा उमटलेली ग्रंथिमुखे सुधारणेचे लक्षण होत. परंतु अर्बुद पूर्णपणे ओसरण्यास कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. पृष्ठभाग पूर्ववत दिसत असता तुकड्यात थोड्या रोगट पेशी शिल्लक आढळल्या, तर अशा रोग्यास लगेच किरणोपचार वा रसायनोपचार न देता ठरावीक अंतराने दुर्बिणीने तपासत राहणे, हाच मार्ग बहुधा पत्करला जातो.