हौसेच्या शेतीस ट्रॅक्टर केवढा असावा?

नोकरीनिमित्त शहरांत राहणारीं अनेक कुटुंबें वडिलोपार्जित दोन-चार एकर जमीन हौसेनें कसूं लागलीं आहेत. अशा घरीं ट्रॅक्टरचा विषय निघाला म्हणजे ‘घ्यावयाचाच तर मोठा घ्यावा’ असें वडीलधाऱ्यांसहि वाटतें. परंतु यंत्राचा आकार ऐपतीवरून नव्हे, तर कामावरून ठरवावा.

प्रथम पिकाच्या दोन ओळींमधील अंतर मोजावें. नाशिककडील द्राक्षबागांत ८-१० फुटांच्या ओळींतून, मांडवाखालून फिरण्यास ठेंगणा, ३-४ फूट रुंदीचा, १५ ते २५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टरच सोयीचा पडतो.

नंतर अवजारांकडे पाहावें. इंजिनाची सारी शक्ति मागील पी.टी.ओ. दांड्यापर्यंत पोहोंचत नाहीं. कांहीं वाटेंतच खर्च होते. म्हणून रोटाव्हेटर जोडावयाचा असल्यास त्या दांड्याची अश्वशक्ति विचारून घ्यावी.

काळ्या जमिनीची खोल नांगरट लहान यंत्रास झेपत नाहीं हें खरें. पण ती वर्षांतून एखादे वेळींच करावयाची असते. तेवढ्यापुरता ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर भाड्यानें आणावा. जड यंत्र ओल्या रानांत वारंवार फिरलें, तर माती दबते व मुळांस हवा मिळत नाहीं. कोंकणांतील अरुंद खाचरांत तर पॉवर टिलरच बरा.

एकत्र कुटुंबाच्या तिजोरींतून एवढी रक्कम वारंवार निघत नाहीं. ती अंगणांत उभ्या राहणाऱ्या लोखंडांत न अडकवितां विहीर, ठिबक व शेणखत यांसाठीं राखणें, हेंच शहाणपणाचें होय.