आई वारीला जाते तेव्हा

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या पट्ट्यात घरातलं कर्तं माणूस काही दिवस बाहेर असणं ही नवलाची गोष्ट नाही. कोणी आषाढीला पायी जातं, कोणी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला, कोणी बांधकामावर हैदराबादला, तर कोणी दिवाळी होताच ऊस तोडायला. माघारी घर चालूच राहतं. म्हशीची धार निघते, भाकरी होतात, पोरं शाळेत जातात. हे सगळं कोण चालवतं, असं आपण सहसा विचारत नाही. विचारलंच तर "आजी आहे ना" किंवा "मोठी पोरगी आहे की" एवढ्यावर भागतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, बंगळूरला. आमच्याकडे एखादा जण महिनाभर रजेवर निघाला की हँडओव्हर होतो. कुठलं काम कुठवर आलंय ते सांगायचं, कागद कुठे आहेत ते दाखवायचं आणि आपण नसताना निर्णय कोण घेणार ते लिहून द्यायचं. पहिल्या दोन गोष्टी घरातसुद्धा होतात. तिसरी मात्र बहुतेक घरांत राहून जाते. काम एकाकडे आणि 'होय-नाही' म्हणायचा हक्क दुसऱ्याकडे, असं होऊन बसतं.

याची सर्वांत जुनी गोष्ट मी आजीकडून ऐकली. आजीचं माहेर बसवकल्याणजवळचं, तेव्हाचं नुसतं कल्याण. सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १५ ऑगस्ट १९४७ ला बाकी देश स्वतंत्र झाला, पण आपल्याकडे स्वातंत्र्य यायला आणखी तेरा महिने लागले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता, सरहद्दीपलीकडे सोलापूर जिल्ह्यात कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले होते आणि रझाकारांच्या भीतीने गावंच्या गावं रिकामी होत होती. आजीचे वडील एका रात्री सोलापूरकडे निघून गेले. आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची, चार भावंडांत थोरली. वडील परतले ते १७ सप्टेंबर १९४८ नंतर. मधले आठ-नऊ महिने घर तिच्या आईने चालवलं.

अंगणात ज्वारीचं पेव होतं. हल्लीच्या पोरांसाठी सांगतो, पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. ते उघडलं की आतला कोंडलेला वायू जाऊ द्यावा लागतो. आधी दिवा सोडून बघायचा, विझला नाही तरच माणूस आत उतरवायचा. आजीच्या आईला हे सगळं येत होतं. कुठल्या बाजूची ज्वारी आधी काढायची, कुठे ओल लागलेली असणार, हेही तिला ठाऊक होतं. पण पेव उघडायचं का, कधी उघडायचं, किती पोती विकायची, हे ठरवायचे तिचे दीर. ते दोन कोसांवर राहत आणि त्या दिवसांत कोणी सहज येत-जात नव्हतं. आजी म्हणते, "घर मायनं चालवलं, पण पेव उघडायला चुलत्याची वाट बघावी लागायची. आठ दिस आम्ही शेजारणीच्या पिठावर काढले, आन् ज्वारी पायाखाली व्हती."

त्या काळच्या पुरुषांच्या तुरुंगवासाच्या, सत्याग्रहाच्या हकिकती पुस्तकांत आल्या आहेत, येणारच. माघारी राहिलेल्या घरांची मात्र नोंद कमी. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरात नव्वदीपलीकडची पणजी असेल तर तिला पेवाबद्दल विचारून बघा, बरंच निघेल.

दुसरं उदाहरण आजचं आहे आणि जास्त कठीण आहे. कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल त्या जोडीवर मिळते, म्हणून दोघांनाही जावं लागतं. बीड-लातूरकडच्या गावांत आणि आपल्याकडच्या तांड्यांवर अशा वेळी म्हातारी माणसं आणि पोरंच उरतात. तेरा-चौदा वर्षांची मुलगी स्वयंपाक करते, धाकट्यांना शाळेत पाठवते, आजोबांच्या गोळ्या सांभाळते आणि स्वतःची शाळा हळूहळू सोडते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं. कल्पना चांगली आहे. पण मुलगी वसतिगृहात गेली तर घरी आजोबांना भाकरी कोण देणार, याचं उत्तर योजनेत नसतं. ते त्या मुलीलाच शोधावं लागतं. वारीला किंवा बाळंतपणाला जाणारी माणसं महिन्यात-दोन महिन्यांत परततात. तिचे आईबाप सहा महिने येत नाहीत, हा फरक विसरून आपली तुलना करू नये.

आता आमच्या घराबद्दल. बाबा २०१६ ला गेले. तेव्हापासून भालकी तालुक्यातली आमची सहा एकर जमीन, दोन म्हशी आणि आजी, हे सगळं आई बघते. २०२३ ला तिनं ठरवलं की यंदा दिंडीबरोबर पायी जायचंच. आषाढी २९ जूनला होती. उमरगा, नळदुर्ग, सोलापूर असं करत पंढरपूर गाठायला आमच्या गावाहून तेराएक दिवस लागतात. पौर्णिमेचा काला करून परत यायचं म्हटलं तर वीस दिवस. मी कंपनीतून घरून काम करायची परवानगी घेतली आणि लॅपटॉप घेऊन गावी आलो.

आपल्याकडचे वारकरी पेरणी उरकून निघतात, हे जुनं गणित आहे. मृगात पाऊस, लगेच मूग-उडीद, मागून सोयाबीन आणि तूर, आणि मग कोळपणीच्या आधी पंढरपूर. पण त्या वर्षी मान्सून केरळात पोचायलाच ८ जून उजाडला. अरबी समुद्रातल्या बिपरजॉय वादळानं पुढची चाल अडवली. मुंबई आणि दिल्लीत तो एकाच दिवशी, २५ जूनला पोचला. असं १९६१ नंतर पहिल्यांदाच झालं म्हणे. म्हणजे आई १५ जूनला निघाली तेव्हा रान कोरडं होतं, आणि पेरणीचा सगळा निर्णय ती नसतानाच घ्यावा लागणार होता.

जाताना तिनं मला कामं सांगितली. दुधाचा रतीब कोणाकडे किती, दुकानाची वही कुठे, बोअरची मोटर तीन फेज लाइट आली की चालू करायची, आजीची बीपीची गोळी जेवणाआधी. मग आजीकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, पेरणीचं तुम्ही ठरवा. हा तुमच्या सांगण्यानं पैसे देईल." एवढंच. कपाटाची किल्ली माझ्याकडे न देता तिनं आजीच्या कमरेला खोचली.

घरकामाबद्दल फार लिहीत नाही. सकाळी अकराच्या मीटिंगला आणि म्हशीच्या चाऱ्याला एकच वेळ होती, आणि मीटिंगमध्ये म्हशीचा आवाज गेला, एवढं सांगितलं तरी पुरे. भाकरी आजी थापायची, बाकीचं मी करायचो.

खरी गंमत २३-२४ तारखेला सुरू झाली. आर्द्रा निघाली, एक सर पडली आणि सगळं गाव तिफणीला लागलं. ट्रॅक्टरवाल्याचा फोन मला. चुलत चुलत्यांचा फोन मला. खतवाल्याचा निरोप मला. तीस वर्षं ज्या घरात आई आणि आजी शेती बघतायत, तिथं वर्षातून आठ दिवस येणाऱ्या माणसाला सगळे विचारत होते, "मग काय ठरलं मालक?" मी प्रत्येकाला म्हणत होतो, "आजीला विचारतो." त्यावर पलीकडून हसू यायचं. एक जण तर म्हणाला, "म्हातारीला काय कळतंय आता, वाफसा निघून जाईल."

आजी दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीवर मागे बसून रानात आली. वय ऐंशीच्या पुढे. तिनं खुरप्यानं तीन ठिकाणी माती उकरली, मुठीत दाबली, सोडली. चार बोटांखाली माती कोरडीच होती. "कशाला घाई करायलास? वीतभर ओल नाही. बी उगवंल आन् जळून जाईल." मी तोवर कर्नाटक सरकारच्या 'वरुणमित्र' या फोनसेवेवर आमच्या होबळीचा पाऊस विचारला होता. तो चाळीस मिलिमीटरही भरला नव्हता. कृषी विद्यापीठं सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. खुरपं आणि फोन एकच सांगत होते, पण गावाला पटवायला खुरपं कमी पडत होतं. मी चुलत्यांना मिलिमीटरचा आकडा सांगितला की ते गप्प व्हायचे. तेच आजीनं सांगितलं की वाद घालायचे. मला ते आवडलं नाही. मग मी आकडा सांगणं बंद केलं आणि फोन सरळ आजीकडे द्यायला लागलो.

थांबायचं म्हटल्यावर आजीनं आणखी दोन गोष्टी ठरवल्या. घरच्या सोयाबीनची उगवण बघायची: शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, सहा दिवसांनी ब्याऐंशी उगवले. सत्तरच्या वर असले की बी चांगलं. दुसरी गोष्ट मोठी होती. आईनं दोन एकर उडदासाठी ठेवलं होतं, पण मूग-उडीद लवकर पेरावे लागतात. आजीनं उडीद रद्द केला आणि तिथं सोयाबीनमध्ये तूर घ्यायचं ठरवलं. त्यासाठी तुरीचं बी विकत आणायला हवं होतं. सवलतीचं बियाणं रयत संपर्क केंद्रात मिळतं, पण नाव पहाणीवर असलेल्या शेतकऱ्यालाच.

आणि इथं एक जुना कंटाळवाणा कागद कामी आला. बाबा गेल्यावर आईनं पौती करून घेतली होती. महाराष्ट्रातले आपले पाहुणे याला वारसाचा फेरफार म्हणतात. भावकीतल्या लोकांचा सल्ला होता की एकट्या पोराचं नाव लावा, सोपं पडेल. आईनं ऐकलं नाही. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू आहे. त्यात मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगा, मुलगी आणि मृताची आई, सगळे पहिल्या वर्गाचे वारस असतात. म्हणून आमच्या पहाणीवर चार नावं आहेत: आजी, आई, लातूरची ताई आणि मी. कागद कन्नडमध्ये आहे. आजीला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, पण आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते तिला माहीत आहे. केंद्रातल्या खिडकीशी "मालक कोण?" असा प्रश्न आला तेव्हा तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. बियाणं तिच्या नावानं आलं.

कागदावर बायकांना कर्तेपण मिळणं ही गोष्ट आपल्याकडे अजून नवी आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली सर्वांत मोठी, अठरा वर्षांवरची बाई कुटुंबप्रमुख ठरते. २०२३ च्या ऑगस्टपासून कर्नाटकात गृहलक्ष्मीचे महिना २००० रुपये याच कुटुंबप्रमुख बाईच्या नावावर येतात. ती रक्कम कशावर खर्च करायची ते किती घरांत तीच ठरवते, हे ज्याचं त्यानं आपल्या घरात बघावं.

आई रोज संध्याकाळी कोणाच्या तरी फोनवरून बोलायची. आजी जेवली का, म्हशीनं दूध किती दिलं, एवढं विचारायची. पेरणीबद्दल एकदाही नाही. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाली, "आत्याबाई हायत ना. मी इथं चालायला आलेय."

४ जुलैला ती परतली. पंढरपुराहून महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि हद्द ओलांडून कर्नाटकाच्या बसमध्ये बसलं की त्याच जूनमध्ये सुरू झालेल्या शक्ती योजनेनं फुकट, याचं तिला फार हसू येत होतं. पाऊस तोवर पुरेसा झाला होता. ट्रॅक्टर ६ तारखेचा ठरला होता. ती आलेली कळताच चुलते आले, उडदाचं काय ते विचारायला. आईनं पाय शेकता शेकता सांगितलं, "आत्याबाईंनी ठरवलंय, त्यांनाच विचारा." आणि चहा टाकायला मला सांगितलं.

पीक काही विक्रमी आलं नाही. जुलै बरा गेला, पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरात कर्नाटक सरकारने १९५ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पहिल्या सरीवर पेरलेल्या काही जणांना दुबार पेरणी करावी लागली होती, आमची ती वाचली, एवढाच फायदा. तूर मात्र बरी झाली.

२०२४ ची आषाढी १७ जुलैला होती. पाऊस वेळेवर आला, पेरणी आधीच उरकली आणि आई पुन्हा निघाली. मला रजा नव्हती, म्हणून लातूरहून ताई आली, दोन्ही पोरांना घेऊन. मी हँडओव्हरची लांबलचक यादी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. तिनं ती वाचली की नाही कोण जाणे. आल्या आल्या आईला म्हणाली, "कामं सांगू नकोस, ती मला येतात. खुरपणीच्या मजुरीचं कोण ठरवणार तेवढं सांग. आणि धाकटी म्हैस विकायची गोष्ट चाललीय, गिऱ्हाईक आलं तर?"

आईनं आजीकडे बघितलं. आजीनं कमरेची किल्ली काढून ताईच्या हातात दिली आणि म्हणाली, "म्हशीचं मला इचार. बाकी तुझं तू बघ."