विडी विझली, पण आत काय उरलं?

मोसम नदीकाठचं आपलं मालेगाव यंत्रमागांच्या खडखडाटात झोपतं आणि त्याच खडखडाटात उठतं. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून कुणी तळहातावर तंबाखू-चुना मळतं, कुणी विडी पेटवतं. झोप जराशी पळतेसुद्धा. कशी बरं?

तंबाखूच्या पानात निकोटिन असतं. किड्यांना पळवायला झाडाने बनवलेलं विषच ते! धुरातून ते वीसेक सेकंदांत मेंदूत पोचतं. पाढे पाठ करताना, लक्ष देऊन ऐकताना तुमच्या मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन पेशींवरची बारीक कुलपं उघडतं. निकोटिन ही त्याच कुलपांना बसणारी चोरकिल्ली. खरी किल्ली काम झालं की लगेच निघते, ही मात्र रेंगाळते. कुलपं बधिर होतात, मग मेंदू आणखी कुलपं बनवतो. अशा माणसाला तंबाखू मिळाली नाही, की त्याचं कशातच लक्ष लागत नाही. आणि तुमचा मेंदू तर पंचविशीपर्यंत घडतच राहणार आहे!

आता खरं नवल पुढेच आहे. निकोटिन दोनेक तासांत निम्मं होतं, कारण यकृत त्याचे तुकडे पाडतं. त्यातलं बहुतेक कोटिनिन बनतं, आणि ते निम्मं व्हायला सोळा तासांहून अधिक लागतात. नॉरनिकोटिन नावाचा दुसरा अवशेष तर उंदरांच्या मेंदूत निकोटिन ओसरल्यावरही सापडतो. हे अवशेष काय करतात? 2011 साली अल्झायमरसारखा, विसर पाडणारा आजार असलेल्या उंदरांना नुसतं कोटिनिन दिलं, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती सुधारली! मला हे फार विलक्षण वाटतं. पण ते प्रयोगशाळेतलं शुद्ध कोटिनिन होतं. विडीबरोबर निकोटिन येतं, धूर येतो, कर्करोग घडवणारी रसायनंही येतात.

आणि विडी न ओढणाऱ्यांचं काय? घरात कुणी ओढत असेल, तर शेजारी गृहपाठ करणाऱ्या मुलाच्या रक्तातही कोटिनिन सापडतं. धूर कुणाच्या शरीरात गेला, हे शास्त्रज्ञ त्यावरूनच ओळखतात. अमेरिकेत 6 ते 16 वर्षांच्या 4,399 मुलांची अशी तपासणी झाली. 2005 साली निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या रक्तात कोटिनिन जास्त, त्यांना वाचनात, गणितात, ठोकळ्यांची नक्षी जुळवण्यात गुण कमी. घरची गरिबी, आईवडिलांचं शिक्षण हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच. तोही अगदी थोडं कोटिनिन असलेल्या मुलांमध्येसुद्धा.